गिअरबॉक्सचे सोवळे

जुन्या मोटारींच्या शौकिनांमध्ये अलीकडे एक नवे सोवळे बोकाळले आहे. गाडी कारखान्यातून जशी बाहेर पडली तशीच्या तशी असेल तर ती शुद्ध. एखादा भाग बदलला की ती बाटली. आम्ही दोघे जालन्यात मराठी शिकवणारे प्राध्यापक. १९७४ सालची एक प्रीमियर पद्मिनी भागीदारीत बाळगून आहोत. तिचे मूळ इंजिन कायम ठेवून आम्ही तिला निराळा, पाच गिअरचा गिअरबॉक्स बसवून घेतला आणि धर्मभ्रष्ट ठरलो. ‘यापेक्षा भंगारात घातली असती तर बरे,’ असा अभिप्राय एका जाणकारांनी दिला. त्याचा हा समाचार.

पद्मिनी म्हणजे मुळात इटलीची फियाट ११००, आपल्या कुर्ल्यात घडलेली. इंजिन १०८९ सीसीचे, गिअर चार, दांडा स्टिअरिंगपाशी. पहिल्या गिअरला सिंक्रोमेश नाही. चौथा गिअर थेट. म्हणजे इंजिनाचा एक फेरा तर प्रोपेलर शाफ्टचाही एकच. शहरातल्या टॅक्सीला हे पुरेसे होते. पण आमच्या जिल्ह्यातून आता समृद्धी महामार्ग जातो. तिथे ही गाडी सत्तर-ऐंशीच्या वेगाने तासभर हाकली की म्हातारे इंजिन अखंड आक्रंदत राहते. पाचव्या गिअरात त्याच वेगाला त्याचे फेरे कमी होतात, झीज कमी होते. म्हणजे गिअरबॉक्स बदलला तो इंजिन वाचावे म्हणून. शुद्धतावाद्यांना मूळ इंजिनाविषयी खरोखर ममत्व असेल, तर त्यांनी आमचे अभिनंदन करायला हवे होते.

या कामाला ‘जुगाड’ म्हणून हिणवले जाते. हिणवणाऱ्यांनी एकदा ते होताना पाहावे. पुढची चाके ओढणाऱ्या गाडीचा गिअरबॉक्स इथे चालतच नाही, कारण त्याच्या पोटातच डिफरन्शियल असते. मागची चाके ढकलणाऱ्या गाडीचाच शोधावा लागतो. मग इंजिन आणि परका गिअरबॉक्स यांच्यामध्ये एक जाड पोलादी प्लेट लेथवर घडवायची. दोन्हींचा मध्य असा जुळवायचा की एखाद्या कागदाच्या जाडीएवढी चूकही शाफ्टचे बेअरिंग खाऊन टाकील. क्लच प्लेटचा घेर फ्लायव्हीलला साजेसा हवा आणि तिच्या मधल्या खाचा नव्या शाफ्टशी जुळणाऱ्या हव्यात. प्रोपेलर शाफ्टची लांबी बदलून तो पुन्हा बॅलन्स करायचा. आमच्या औद्योगिक वसाहतीतल्या कारागिराने हे सारे डायल गेज लावून, तीनदा उतरवून आणि तीनदा चढवून केले. आमच्यापैकी किती जण आपला शोधनिबंध तीनदा उतरवून पाहतात?

आता कायद्याचा आधार घेऊया. २०२१ साली केंद्र सरकारने विंटेज वाहनांचे नियम केले. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपात राखलेली आणि चासी, सांगाडा वा इंजिन यांत बदल न झालेली गाडी ही विंटेज. यादीत गिअरबॉक्सचे नाव नाही. म्हणून त्याला मोकळे रान आहे, असा निष्कर्ष आम्ही काढत नाही. ‘मूळ रूप’ या शब्दांचा अर्थ शेवटी अधिकारीच लावणार. पण त्याच नियमांतली दुसरी अट शुद्धतावादी कुजबुजत सांगतात: विंटेज म्हणून नोंदलेली गाडी नेहमीच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन भरणे, बस्स. शुद्धतेचे बक्षीस काय, तर रस्त्यावरून हद्दपारी!

आणि ‘मूळ’ म्हणजे तरी नेमके काय? खुद्द हिंदुस्तान मोटर्सने १९९० च्या दशकात अ‍ॅम्बेसेडरला इसुझूचे इंजिन आणि पाच गिअरचा, दांडा जमिनीवर असलेला गिअरबॉक्स बसवला. कारखान्याने केले की ती सुधारणा आणि जालन्याच्या कारागिराने केले की तो भ्रष्टाचार, हा न्याय तंत्राचा नव्हे, प्रतिष्ठेचा आहे.

आमच्याच एका सहकाऱ्याने मात्र मर्मावर बोट ठेवले. ‘नाथांनी पैठणला शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, आणि तुम्ही अपपाठाची भलामण करता?’ हा आक्षेप आम्ही गांभीर्याने घेतो. पाठचिकित्सेचा राग असतो तो गुपचूप भर घालणाऱ्या लेखनिकावर. पाठभेद उघड नोंदवणाऱ्यावर नव्हे. म्हणून आम्ही तीन पथ्ये पाळली. चासीला एकही नवे भोक पाडले नाही. जुना गिअरबॉक्स ग्रीस लावून, गोणपाटात गुंडाळून जपला. आणि काय काढले, काय बसवले, कोणी बसवले, याची तारीखवार वही ठेवली. उद्या कुणाला मूळ संहिता हवी असेल तर ती दोन दिवसांत पूर्ववत होईल.

जी वस्तू वापरात राहते तीच दुरुस्त करणारे हात शिल्लक ठेवते. काचेच्या पेटीतल्या पद्मिनीला कारागीर लागत नाही, फक्त फडके लागते. असो. येत्या रविवारी आम्ही पैठणला निघालो आहोत. गाडीत दोन जागा रिकाम्या आहेत. सोवळे उतरवून येणाऱ्यांचे स्वागत आहे.