लेखनासाठी सवड कोणाची?

मोर्चे, शिबिरे आणि निवेदने यांत उमेद घालविलेल्या कार्यकर्त्याला लेखनाविषयी विचारले, की त्याचे उत्तर ठरलेले असते: “सवड मिळाली की लिहू.” ही सवड बहुधा मिळत नाही. मग दुष्काळी कामावरचा हजेरीपट, संपाच्या दिवसांत उधारी थांबविणारा दुकानदार, पोलीस चौकीबाहेर बसून काढलेली रात्र हे सारे त्या माणसाबरोबरच नाहीसे होते. हानी केवळ साहित्याची होत नाही. ज्यांनी श्रम केले ते लिहीत नाहीत, आणि ज्यांनी केले नाहीत ते श्रमिकांची चित्रे रंगवितात. पुढच्या पिढीला तीच खरी वाटू लागतात.

सवड ही निसर्गाची देणगी नव्हे. ती संपत्ती आहे, आणि अन्य संपत्तीप्रमाणेच तिचेही वाटप विषम आहे. स्त्रीला ललित लेखन करावयाचे तर वर्षाला पाचशे पौंडांचे उत्पन्न आणि कडी लावता येईल अशी स्वतःची खोली हवी, असे व्हर्जिनिया वूल्फ यांनी १९२९ साली मांडले. प्रतिभेलाही भौतिक पाया लागतो, हे समाजवाद्यांना तरी कोणी निराळे सांगावयास नको.

यावर कोणी म्हणेल, की ज्यांच्यापाशी यांपैकी काहीच नव्हते त्यांनीही लिहिले. हे खरे आहे. साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात अवघ्या पाच दिवसांत लिहिली. पण ते पाच दिवस सक्तीच्या सवडीचे होते, आणि लिहिणारा हात आधीच सरावलेला होता. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांची गीतेवरील प्रवचने त्याच हाताने उतरवून घेतली होती. नारायण सुर्वे यांनी गिरणीत काम केले, शाळेत शिपायाची नोकरी केली, पुढे ते शिक्षक झाले. त्यांचा पहिला संग्रह १९६२ साली आला, तेव्हा त्यांनी पस्तिशी ओलांडली होती. अशा उदाहरणांवरून हलाखी लेखकाला घडविते असा निष्कर्ष काढणे म्हणजे अपवादाच्या आधारे व्यवस्थेचे समर्थन करणे होय. त्यांतून घ्यावयाचा धडा दुसराच आहे: सराव आधी येतो, आणि उशीर झाला म्हणून काही बिघडत नाही.

म्हणून नवोदिताने स्फूर्तीची वाट पाहू नये. दिवसाचा अर्धा तास ठरवावा व तो सभेच्या वेळेसारखाच पाळावा. रोज दीडशे शब्द लिहिले आणि वर्षातील तीनशे दिवस हा नेम चालला, तर पंचेचाळीस हजार शब्द होतात. तेवढ्यात एक लहानसे पुस्तक होते. खिशात वही असावी. तीत मते लिहू नयेत. पाहिलेले व ऐकलेले लिहावे. मजुरी किती मिळाली, त्यातून तेल किती आले, मुकादम नेमके कोणत्या शब्दांत बोलला, याची नोंद त्याच दिवशी करावी. आठवण फार लवकर गुळगुळीत होते. पहिला खर्डा पंधरा दिवस बाजूला ठेवावा, आणि नंतर परक्याचा म्हणून वाचावा.

कार्यकर्त्यापुढे एक खास धोका असतो. पत्रकाची भाषा त्याच्या हाडींमासी खिळलेली असते. पत्रकात ‘शोषित जनता’ असते; कथेत मात्र एकच बाई असते, तिला नाव असते, आणि ती कधी कधी खोटेही बोलते. शेवटच्या परिच्छेदात घोषणा आली, की लेखकाचा आपल्याच प्रसंगावर विश्वास नव्हता असे समजावे. ती ओळ निःसंकोच खोडावी. प्रसंग खरा असेल तर वाचक योग्य ठिकाणी आपोआप पोचतो.

लिहिलेले कोणाला तरी ऐकवावे. शाळेचा उंबरठा जेमतेम ओलांडलेल्या अण्णाभाऊ साठे यांनी १९५९ साली ‘फकिरा’ दिली. तत्पूर्वी कित्येक वर्षे त्यांचे शब्द कलापथकातून कामगारांच्या मेळाव्यांपुढे पारखले गेले होते. प्रत्येक शाखेत महिन्याला एकदा चार-पाच जणांनी बसून एकमेकांचे लेखन ऐकणे अवघड नाही. तेथे स्तुती थोडकी असावी. ‘हे असे घडत नाही’ असे सांगणारा एक जाणकार श्रोता दहा प्रशंसकांहून मोलाचा.

मात्र सर्वांत अवघड सुधारणा घरातच करावयाची आहे. बेबी कांबळे यांनी फलटणला छोटे दुकान चालविता चालविता आपली कहाणी लिहिली, आणि पतीच्या नजरेस पडू नये म्हणून ती कित्येक वर्षे लपवून ठेवली. ‘जिणं आमुचं’ पुस्तकरूपाने १९८६ साली आले. अशा किती वह्या अडगळीतच कुजल्या, याची मोजदाद कोण करणार? समतेवर बौद्धिक घेऊन घरी परतलेला कार्यकर्ता ताटावर बसतो, तेव्हा त्याचा अर्धा तास कोणाच्या तरी अर्ध्या तासातून कापलेला असतो. त्याने स्वतःसाठी लेखनाची वेळ ठरविताना तेवढीच वेळ घरातील स्त्रीसाठीही ठरवावी, आणि त्या वेळात चूल, पाणी व मुले स्वतः सांभाळावी. कदाचित दोघांच्या वह्यांत तिचीच अधिक वाचनीय निघेल. तेव्हा ती तिच्या परवानगीनेच वाचावी.