संगणक गोठला? आधी हात आवरा

संगणकाचा पडदा गोठला, माउस हलेनासा झाला की आपला हात आधी पॉवरच्या बटणाकडे जातो. गेल्या महिन्यात माझ्या भाचीने तेच केले आणि प्रकल्प अहवालाचे तीन तासांचे काम गेले. तिला दोष कसा देणार? संगणक कसा वापरायचा हे आपण मुलांना शिकवतो. तो अडला तर काय करायचे, हे शिकवतच नाही.

बहुतेक वेळा अडकलेला असतो एखादा प्रोग्रॅम; बाकीचा संगणक चालू असतो. जतन न केलेले काम ‘रॅम’ या तात्पुरत्या स्मृतीत असते. वीज तोडली की ती पुसली जाते. त्याच क्षणी डिस्कवर काही लिहिले जात असेल, तर ती फाइलही खराब होऊ शकते.

म्हणून आधी दोन मिनिटे थांबा. कॅप्स लॉक दाबून पाहा. त्याचा दिवा लागत-विझत असेल तर यंत्र अजून प्रतिसाद देते आहे. विंडोजमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबल्यास टास्क मॅनेजर उघडतो. अडकलेला प्रोग्रॅम निवडून ‘एंड टास्क’ करा. त्यातले न जतन केलेले काम जाईल, पण इतर प्रोग्रॅममधले वाचेल. फक्त खालची पट्टी आणि आयकॉन गोठले असतील, तर तिथेच ‘विंडोज एक्सप्लोरर’ निवडून रीस्टार्ट करा. पडदा काळा पडला असेल तर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी एकत्र दाबून पाहा. मॅकवर कमांड, ऑप्शन आणि एस्केप दाबून अडकलेला प्रोग्रॅम बंद करता येतो.

यातले काहीच चालले नाही, तर विंडोजमध्ये कंट्रोल, ऑल्ट आणि डिलीट दाबून कोपऱ्यातल्या पॉवरच्या चिन्हातून रीस्टार्ट करा. तेही जमेना, तरच पॉवरचे बटण सुमारे दहा सेकंद दाबून धरा. हा शेवटचा उपाय आहे, पहिला नव्हे.

संगणक वारंवार गोठू लागला तर ते दुखणे अंगावर काढू नका. रॅम अपुरी असेल, यंत्र तापत असेल किंवा डिस्क निकामी होत असेल. दुरुस्तीआधी महत्त्वाच्या फाइलींची दुसरीकडे प्रत करून ठेवा.

भाजल्यावर आधी गार पाणी, हे आपण मुलांना शिकवतोच. शाळेच्या संगणक तासिकेत या प्रथमोपचारासाठी दहा मिनिटे काढणे अवघड नाही. तोवर काम करताना अधूनमधून कंट्रोल आणि एस दाबायची सवय तरी आपण सगळ्यांनीच लावून घेऊ या.