शवासनाची कसोटी स्नायूंमध्ये

लोणावळा : दमछाक करणाऱ्या व्यायामानंतर शवासन केले की स्नायूंत साचलेले लॅक्टिक आम्ल निघून जाते, असे योगवर्गांत हमखास सांगितले जाते. रविवारी लोहगड उतरून आलेल्या पुण्या-मुंबईच्या पर्यटकाला ते पटतेही. प्रत्यक्षात निश्चल पडून राहण्यापेक्षा संथ चालण्याने रक्तातील लॅक्टेट लवकर ओसरते. काहीही न केले तरी ते साधारण तासाभरात पूर्ववत होते. मंगळवारी मांड्या दुखतात, त्या उतारावर स्नायुतंतूंना झालेल्या सूक्ष्म इजांमुळे. शवासनाचे अन्य लाभ असतील, हा नव्हे.

अशा समजुतींची उपकरणांनी परीक्षा घेण्याची परंपरा खुद्द लोणावळ्याचीच आहे. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये येथे कैवल्यधाम स्थापन केले आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू केले. उड्डियान व नौली या क्रियांच्या वेळी पोटात होणारे बदल त्यांनी क्ष-किरण आणि दाबमापकाच्या साहाय्याने तपासले. प्राणायामामुळे शरीराला जादा प्राणवायू मिळतो, ही लोकप्रिय समजूत त्यांनीच अमान्य केली. योगाच्या कडव्या पुरस्कर्त्याने हे करावे, याला महत्त्व आहे. आजच्या प्रचारकी वातावरणात ही वृत्ती अभावानेच दिसते.

क्ष-किरणांना न दिसणारी स्नायूंतील ऊर्जेची उलाढाल आता एमआरआय यंत्रावर मोजता येते. नेहमीच्या तपासणीत हे यंत्र पाणी व मेदातील हायड्रोजनचे संकेत टिपते. फॉस्फरसचे संकेत टिपणारी वेगळी कॉइल आणि यंत्रणा जोडली, की त्याच चुंबकात स्नायूंतील एटीपी आणि फॉस्फोक्रिएटिन यांचे प्रमाण कळते. यंत्रात आडवी झालेली व्यक्ती लोखंडविरहित पेडल दाबत पोटरीचा व्यायाम करते. व्यायामात फॉस्फोक्रिएटिनचा साठा घटतो. थांबताच तो प्राणवायूवर चालणाऱ्या चयापचयातून भरून निघू लागतो. निरोगी स्नायूत निम्मी तूट साधारण अर्ध्या मिनिटात भरते. पेशींतील मायटोकॉन्ड्रिया जितके सक्षम, तितका हा वेग अधिक. स्नायूची आम्लताही याच संकेतांवरून समजते. सुईने स्नायूचा तुकडा काढावा लागत नसल्याने एकाच व्यक्तीची तपासणी वारंवार करता येते.

याचे महत्त्व गिर्यारोहकांपुरते नाही. येल विद्यापीठातील संशोधकांनी २००४ मध्ये याच तंत्राने मधुमेहींच्या सडपातळ, परंतु इन्सुलिनला दाद न देणाऱ्या तरुण अपत्यांचे स्नायू तपासले. त्यांच्यातील ऊर्जानिर्मिती सुमारे ३० टक्क्यांनी कमी आढळली. वरून बारीक दिसणाऱ्या भारतीयांच्या शरीरात मेदाचे प्रमाण अधिक असते, हे पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवून दिले आहे. योगाने मधुमेह आटोक्यात येतो, या दाव्याची कसोटी म्हणूनच स्नायूंत लागायला हवी.

ती अवघड नाही, खर्चिक मात्र आहे. फॉस्फरससाठीची यंत्रणा सर्वसाधारण रुग्णालयातील एमआरआयवर नसते, ती हाताळण्यास भौतिकशास्त्रज्ञ लागतो आणि यंत्राचा प्रत्येक तास रुग्णांकडून काढून घ्यावा लागतो. शिवाय तुलना योगवर्गाची घरी बसून राहिलेल्यांशी करून चालणार नाही; तेवढाच वेळ रोज चालणाऱ्यांशी ती करावी लागेल. शवासनापुरते पाहायचे, तर व्यक्ती यंत्रात आधीच आडवी असते. त्या ठोक्यांच्या गोंगाटात शवासन कितपत साधेल, हा प्रश्न उरतोच.