अंगण वाकडे असते तेव्हा

७ डिसेंबर २०२५ चा रविवार. संध्याकाळी अबू धाबीची शर्यत संपली आणि लॅन्डो नॉरिस फॉर्म्युला वनचा जगज्जेता झाला. शर्यत जिंकली होती मॅक्स व्हर्स्टापेनने. नॉरिस तिसरा आला, पण वर्षभराच्या बेरजेत त्याचे ४२३ गुण झाले आणि व्हर्स्टापेनचे ४२१. नातवाने रिमोट सोफ्यावर टाकला आणि निकाल देऊन मोकळा झाला, "मॅक्लारेन होती म्हणून जिंकला, आजोबा. मॅक्सला ती गाडी दिली असती तर दोन महिने आधीच विषय संपला असता."

नातू इंजिनिअरिंगला आहे. मी मराठी माध्यमातून बी.ए. झालेला निवृत्त मास्तर. आयुष्यात सायकल चालवली आणि नंतर लुना. तेव्हा "तुम्हाला त्यातलं काय कळतं" हे तो म्हणाला नाही, तरी मला ऐकू आले. इंजिनातले मला कळत नाही हे खरेच. पण गुणपत्रिका हा माझा चौतीस वर्षांचा धंदा होता. कुणाला किती गुण मिळाले आणि ते का मिळाले, यावर मी नक्कीच बोलू शकतो. म्हणून हा लेखनप्रपंच.

"गाडी होती म्हणून जिंकला" हे वाक्य हल्ली फार स्वस्त झाले आहे. वेटेल जिंकत होता तेव्हा हेच म्हटले गेले, हॅमिल्टन जिंकत होता तेव्हाही हेच. माझे म्हणणे असे, की हे वाक्य बोलणारा अर्धे सत्य सांगतो आणि उरलेले अर्धे शोधायचा आळस करतो.

आधी त्याचे अर्धे सत्य मान्य करून टाकू. या खेळात सगळ्यांना सारखी गाडी मिळत नाही. प्रत्येक संघ आपली गाडी स्वतः तयार करतो, दोन चालक ठेवतो, आणि एका संघाची गाडी दुसऱ्या संघापेक्षा एका फेरीत अर्धा सेकंद वेगवान असली तरी पन्नास-साठ फेऱ्यांत किती फरक पडतो याचा हिशेब पाचवीतला मुलगाही करील. जेन्सन बटनचे उदाहरण घ्या. २००८ साली होंडाच्या गाडीत त्याला पूर्ण वर्षात मिळाले ३ गुण. त्या डिसेंबरात होंडाने खेळातून अंग काढून घेतले, रॉस ब्रॉन यांनी संघ सावरला, गाडीला मर्सिडीजचे इंजिन बसले, आणि २००९ च्या पहिल्या सातपैकी सहा शर्यती बटनने जिंकल्या. वर्षअखेर ९५ गुण आणि जगज्जेतेपद. आता मला सांगा, एका हिवाळ्यात माणूस तीसपट हुशार झाला का?

त्याहून बोलके उदाहरण जॉर्ज रसेलचे. विल्यम्सच्या मागे पडणाऱ्या गाडीत बसून छत्तीस शर्यतींत त्याला एकही गुण मिळाला नव्हता. डिसेंबर २०२० मध्ये हॅमिल्टनला करोना झाला आणि बहारीनमधल्या साखीरच्या शर्यतीसाठी रसेलला एकदम मर्सिडीजमध्ये बसवले. पात्रता फेरीत तो दुसरा आला, पहिल्या बोटासपेक्षा फक्त ०.०२६ सेकंदाने मागे. शर्यत सुरू होताच तो पुढे गेला आणि बराच वेळ पुढेच राहिला. मग संघाने गोंधळात त्याच्या गाडीला बोटासचे टायर लावले, नंतर एका टायरची हवा गेली आणि तो नववा आला. पण तेवढ्यात जगाला कळायचे ते कळले. छत्तीस वेळा शून्य मिळवणारा मुलगा 'ढ' नव्हता, बाक मोडका होता.

म्हणजे नातू बरोबर? नाही. कारण निसर्गाने म्हणा की नियमांनी म्हणा, या खेळात एक उत्तम सोय करून ठेवली आहे. प्रत्येक गाडीला जुळे भावंड असते. तीच गाडी, तेच इंजिन, तोच संघ, फक्त माणूस वेगळा. ज्याला माणूस तपासायचा आहे त्याने एकूण गुणतक्ता बाजूला ठेवावा आणि शेजारच्या बाकावरचा मुलगा पाहावा.

२०२३ साली रेड बुलने २२ पैकी २१ शर्यती जिंकल्या. सगळे म्हणाले, काय ती गाडी! पण त्या २१ पैकी १९ व्हर्स्टापेनच्या आणि २ सर्जिओ पेरेझच्या. गुण ५७५ आणि २८५. गाडीच जिंकत असती तर पेरेझच्या गाडीने काय पाप केले होते? १९९२ च्या विल्यम्सचे असेच. मॅन्सेल ९ शर्यती जिंकला, त्याच गाडीत पात्रेझे १. आणि २०२५? लियाम लॉसनला दोन शर्यतींनंतर व्हर्स्टापेनच्या शेजारून उठवले, युकी त्सुनोदाला बसवले, आणि त्याला उरलेल्या मोसमात तीसएक गुण मिळाले. त्याच रेड बुलमध्ये व्हर्स्टापेनने ४२१ गुण आणि आठ विजय मिळवले. नॉरिसपेक्षा एक विजय जास्तच. कसब म्हणतात ते हे.

हीच फूटपट्टी आपल्या माणसालाही लावून पाहा. ३० ऑक्टोबर २०११ ला ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर भारतातली पहिली फॉर्म्युला वन शर्यत झाली. मी हा खेळ पाहायला लागलो तो त्या दिवसापासून. वेटेल जिंकला. आपला नारायण कार्तिकेयन हिस्पानियाच्या गाडीत सतरावा आला. आमच्या दिवाणखान्यात त्या सतराव्या नंबरावर जे विनोद झाले त्यात मीही होतो. त्याच्या मागे, अठराव्या नंबरावर, त्याच संघाच्या दुसऱ्या गाडीत कोण होते याकडे आमच्यापैकी कुणाचेही लक्ष नव्हते. तो होता डॅनियल रिकार्डो. हाच रिकार्डो पुढे एकूण आठ शर्यती जिंकला, आणि २०१४ मध्ये रेड बुलमध्ये खुद्द वेटेलच्या शेजारी बसून त्याने २३८ गुण मिळवले, वेटेलने १६७. यावरून कार्तिकेयन वेटेलपेक्षा मोठा असे कुणी सिद्ध करू नये. एका दिवसाच्या परीक्षेवरून मी कधी कुणाला वर्ग दिला नाही. पण सतरावा म्हणजे नालायक, हे म्हणायचा अधिकार आमच्या दिवाणखान्याला नव्हता, एवढे नक्की.

इथपर्यंत नातू मान डोलावत होता, कारण व्हर्स्टापेनचे कौतुक चालले होते. आता त्याला न आवडणारा भाग.

दोन गुणांनी गेले ना जगज्जेतेपद? मग १ जून २०२५ ची बार्सिलोनाची शर्यत आठवा. अखेरच्या काही फेऱ्या. सेफ्टी कार आत गेली आणि व्हर्स्टापेनच्या गाडीला टणक टायर, इतरांना मऊ. पहिल्याच वळणावर रसेल आत घुसला, व्हर्स्टापेन रस्त्याबाहेरून जाऊन पुढेच राहिला. संघाने रेडिओवर सांगितले, जागा परत दे. त्याने गाडी हळू केली, रसेल शेजारी आला, आणि याने पुन्हा वेग घेऊन त्याला धडक दिली. दहा सेकंदांचा दंड झाला. पाचवा होता तो दहावा ठरला. पाचव्याला १० गुण, दहाव्याला १. नऊ गुण गेले. शिवाय परवान्यावरचे दंडगुण ११ झाले, १२ झाले असते तर एक शर्यत घरी बसावे लागले असते.

नऊ गुण गेले आणि जगज्जेतेपद हुकले दोन गुणांनी. यात मॅक्लारेनचा काय संबंध? मऊ टायर नव्हते हे गाडीचे आणि संघाचे दुर्दैव. पण धडक टायरने दिली नाही, रागाने दिली. ऑगस्टअखेर हाच माणूस आघाडीवाल्यापेक्षा १०४ गुणांनी मागे होता आणि तिथून त्याने दोन गुणांपर्यंत मजल मारली. असा पराक्रम मी या खेळात दुसरा पाहिलेला नाही. म्हणून तर जास्त वाईट वाटते. कसबाने १०२ गुण भरून काढले आणि अविचाराने नऊ घालवले.

नातवाने लगेच उलट विचारले, "आणि नॉरिसने नाही घालवले?" घालवले ना. बार्सिलोनानंतर दोनच आठवड्यांनी मॉन्ट्रियलला तो आपल्याच सहकाऱ्याच्या, पियास्ट्रीच्या, गाडीवर मागून आदळला आणि शर्यतीबाहेर गेला. पण तिथल्या तिथे रेडिओवर त्याने चूक आपली म्हणून सांगितले आणि नंतर माफी मागितली. पुढे झांडव्होर्टला दुसऱ्या नंबरावर असताना तेल गळून त्याची गाडी बंद पडली. पहिल्या वेळी गुण त्याने घालवले, दुसऱ्या वेळी गाडीने. या दोन हिशेबांची वही त्याने एकत्र केली नाही. व्हर्स्टापेननेही दुसऱ्या दिवशी आपले चुकल्याचे लिहून टाकले, हे न्यायाने सांगितले पाहिजे. पण गाडीत बसून कळणे आणि घरी जाऊन कळणे यात जे अंतर असते, त्यालाच मी परिपक्वता म्हणतो.

कुणी म्हणेल, मास्तर, हा खेळ आहे, कीर्तन नव्हे. राग नसेल तर धारही नसेल. सेनाने १९९० मध्ये सुझुकाच्या पहिल्याच वळणावर प्रोस्टला उडवले आणि जगज्जेतेपद मिळवलेच की! मिळवले. रागाचे पीक कधी कधी येते, हे मी नाकारत नाही. पण पुढच्याच वर्षी ते मुद्दाम केल्याचे त्याने स्वतः सांगितले, आणि त्या विजयाचे नाव निघाले की ते वळणही निघते. शूमाकरने १९९७ मध्ये हेरेझला व्हिलनव्हवर गाडी घातली, तर स्वतःच बाहेर गेला आणि वर्षभराच्या क्रमवारीतूनही त्याचे नाव काढले गेले. दोघेही कसबाने डोंगराएवढे. त्यांना त्या धडकेची गरज होती असे मला वाटत नाही.

आणि परिपक्वतेला धार नसते हेही खोटे. १९८४ मध्ये मॅक्लारेनच्या दोन सारख्या गाड्या होत्या. तरुण प्रोस्ट सात शर्यती जिंकला, पस्तिशीतला निकी लाउडा पाच. जगज्जेता लाउडा झाला, ७२ विरुद्ध ७१.५. अर्ध्या गुणाने! वेग प्रोस्टचा जास्त होता. कुठली शर्यत जिंकायची आणि कुठली नुसती पूर्ण करायची, हे लाउडाला जास्त कळत होते.

पण माझ्या मनातला लाउडा १९८४ चा नाही, १९७६ चा आहे. १ ऑगस्टला न्युर्बुर्गरिंगला तो जळत्या गाडीत अडकला, मरता मरता वाचला आणि सहा आठवड्यांत मोन्झाला येऊन चौथा आला. शेवटची शर्यत जपानमध्ये फुजीला. मुसळधार पाऊस, समोरचे दिसत नव्हते. जेम्स हंटपेक्षा त्याचे गुण जास्त होते. दोन फेऱ्यांनंतर त्याने गाडी आत आणली आणि उतरला. हंट तिसरा आला आणि एका गुणाने जगज्जेता झाला. संघाकडून लाउडाला सुचवण्यात आले होते, की गाडीत बिघाड झाला असे सांगू या. तो नको म्हणाला. थांबलो तो मी थांबलो, गाडी नव्हे.

नातवाला मी एवढेच म्हटले, ज्या माणसाला गाडीवर ढकलायची आयती सोय होती, त्याने ती घेतली नाही. आणि आपण सोफ्यावर बसून दुसऱ्यांच्या विजयाची ढकलाढकली करतो.

हे मी एवढ्या पोटतिडकीने का लिहितो आहे? कारण यात माझाही एक हिशेब बाकी आहे. माझ्या वर्गात वाडीवरून चालत येणारा एक मुलगा होता. गृहपाठ अपुरा का, विचारले तर म्हणाला, घरी दिवा नव्हता. मी भर वर्गात म्हटले, "नाचता येईना अंगण वाकडे!" वर्ग हसला. मीही हसलो. पुढे एकदा त्याच्या वाडीवर जाण्याचा प्रसंग आला. दिवा खरोखरच नव्हता. त्याच घरातला त्याचा चुलतभाऊ आमच्याच शाळेत होता आणि हा त्याच्यापेक्षा सगळ्या विषयांत पुढे होता. शेजारचा बाक मी कधी पाहिलाच नव्हता. पहिल्या आलेल्या, घरी दिवा आणि शिकवणी दोन्ही असलेल्या मुलाला मात्र मी दरवर्षी व्यासपीठावर बोलावून त्याच्या 'कष्टां'चे कौतुक करत होतो.

म्हणून आता या वयात मी दोन गोष्टी कटाक्षाने पाळतो. मागे राहिलेल्याला हसण्याआधी त्याचे अंगण पाहतो. आणि पुढे गेलेल्याला नुसते "अंगण चांगले होते" म्हणून उडवून लावण्याआधी, त्याच अंगणात दुसरा कसा नाचला ते पाहतो. मग शेवटी एकच प्रश्न उरतो, पाय घसरला तेव्हा तो माणूस कुणाकडे बोट दाखवत होता.

नातवाला हे सगळे पटले असे नाही. "तरी पण आजोबा, मॅक्लारेन भारी होती," असे म्हणून तो उठला. होतीच. मी कुठे नाही म्हणतो? पण मॅक्लारेन पियास्ट्रीकडेही होती, आणि तो ४१० गुणांवर तिसरा राहिला. हे मात्र त्याला सांगायचे राहूनच गेले. उद्या नाश्त्याला सांगेन.