पोलादी दोराच्या खालच्या टोकाला

24 मार्च 2015 रोजी बार्सिलोनाहून ड्युसेलडॉर्फला निघालेलं जर्मनविंग्जचं विमान फ्रेंच आल्प्समध्ये कोसळलं. आतले सगळे, 150 जण, गेले. जागा दीड हजार मीटर उंचीवरची, भुसभुशीत उताराच्या घळीतली. हेलिकॉप्टर टेकवावं एवढी सपाट जमीन तिथे नव्हती. सेन-लेझ-आल्प गावाजवळच्या मैदानात तळ पडला आणि तिथून तपास अधिकारी, न्यायवैद्यक तज्ज्ञ, पोलीस एकेक करून हेलिकॉप्टरच्या विंचच्या, म्हणजे दोर सोडून वर ओढणाऱ्या यंत्राच्या, दोराला अडकवून खाली सोडले जाऊ लागले. खाली पोचल्यावरही दोर सुटत नव्हता. उतारावर पाय घसरू नये म्हणून त्यांना डोंगरी पथकाच्या जवानांशी दोराने बांधून घ्यावं लागत होतं.

विमान अपघाताची बातमी आली की आपण ब्लॅक बॉक्सची वाट पाहतो. तो आणायला कुणीतरी दोरावरून खाली उतरतं, हे सहसा लक्षातही येत नाही. आणि त्या माणसाच्या जिवाचा हिशेब वेगळा मांडायला हवा. पुरात छतावर अडकलेल्या बाईसाठी, बुडणाऱ्या खलाशासाठी हेलिकॉप्टरने धोका पत्करला तर तो समजण्यासारखा आहे. तिथे मिनिटामिनिटाचा प्रश्न असतो. तपास अधिकारी उतरतो तेव्हा वाचवायला कुणी उरलेलं नसतं. अवशेष उद्याही तिथेच असतात. म्हणून बचावकार्यात जी जोखीम चालते, ती तपासात चालवून घेता कामा नये.

विंचवर माणूस सोडणं म्हणजे नेमकं काय होतं, ते जवळून बघायला हवं. वैमानिकाला हेलिकॉप्टरखाली लटकणारा माणूस दिसत नाही. दारात ओणवा झालेला विंच ऑपरेटर त्याचे डोळे होतो. पुढे, थोडं उजवीकडे, थांब, असं सतत बोलत राहतो. दोर जेमतेम पाच मिलिमीटर जाडीचा, पोलादी तारांचा. तो खाली कशात अडकला तर हेलिकॉप्टरच खाली ओढलं जाईल, म्हणून स्फोटकाच्या छोट्या कुपीने तो क्षणात तोडायची सोय केलेली असते. म्हणजे यंत्र वाचवण्यासाठी दोर तोडायची वेळ आली, तर टोकाला कोण आहे हे त्या कुपीला कळत नाही. रोटरच्या घुसळणीने हेलिकॉप्टरच्या अंगात स्थिर वीज साठते. हुक आधी जमिनीला टेकू द्यायचा, मगच हात लावायचा. नाहीतर सणसणीत झटका बसतो. उभ्या कड्यावर तो झटका तोल घालवायला पुरेसा असतो.

चूक किती साधी असू शकते, हे जपानने 2019 मध्ये पाहिलं. हागिबिस वादळाच्या पुरात, 13 ऑक्टोबरला, फुकुशिमा प्रांतातल्या इवाकी शहरात टोकियो अग्निशमन दलाचं हेलिकॉप्टर 77 वर्षांच्या एका बाईंना वर घेत होतं. एरवी माणसाला जमिनीवर उभं करून हार्नेस चढवायचा आणि हुक लावायचा, हा क्रम. तिथे जमीन पाण्याखाली होती, म्हणून जवानाने बाईंना उचलून धरलं आणि क्रम मोडला. हार्नेस अंगावर होता, हुक मात्र लावायचा राहिला. दारापर्यंत पोचल्यावर, आत घेताना त्या सुमारे 40 मीटरवरून खाली पडल्या. दल नवखं नव्हतं, यंत्रही बिघडलेलं नव्हतं. हाताला सवय असलेल्या क्रमातली एक पायरी परिस्थितीने पुसून टाकली, इतकंच. असं घडू नये म्हणूनच हुक लावल्यावर तो दुसऱ्याने हाताने ओढून बघायचा नियम हवा, आणि तो घाईच्या वेळी आधी आठवायला हवा.

हे लांबचं वाटलं असतं, पण एप्रिल 2022 मध्ये असंच आपल्याकडे घडलं. झारखंडमधल्या देवघरजवळ त्रिकूट पर्वतावरच्या रोपवेच्या डब्यांत माणसं अडकली. वायुदलाने कमालीच्या अवघड जागेतून डझनावारी लोकांना सोडवलं, पण हेलिकॉप्टरच्या दारापर्यंत पोचलेला एक जण खाली पडला आणि दुसऱ्या दिवशी एक महिलाही. जिथे जीव वाचवायचे होते तिथेही दोराने अशी किंमत घेतली. ऑस्ट्रेलियाचा अनुभवही असाच आहे. 2011 च्या नाताळच्या आदल्या संध्याकाळी न्यू साउथ वेल्समध्ये धबधब्याच्या कपारीवरच्या जखमीला काढताना एक पॅरामेडिक खडकावर आदळून गेला. अंधार पडत आला होता आणि सरावात नसलेली पद्धत जागेवरच जुळवली गेली होती. 2013 मध्ये व्हिक्टोरियात एक जखमी शिकारी बगलेखालच्या पट्ट्यातून निसटला, तोही हेलिकॉप्टरजवळ पोचल्यावर. तपास अधिकाऱ्याला नुसत्या पट्ट्यावर कधीच सोडू नये, मांड्यांभोवती पट्टे असलेला पूर्ण हार्नेसच हवा, एवढा धडा त्या एका घटनेतून घेता येतो.

नियम नाहीत असं नाही. युरोपीय संघाच्या 2012 च्या 965 क्रमांकाच्या नियमावलीत विंचकामावर स्वतंत्र प्रकरण आहे. जमिनीवरच्या कामासाठी कमांडरला हुक खाली सोडून वर घेण्याच्या 50 फेऱ्यांचा अनुभव लागतो. रात्री काम करायचं तर त्यातल्या 20 रात्रीच्या. शिवाय मागच्या 90 दिवसांत किमान तीन फेऱ्या झालेल्या हव्यात. त्यात सर्वांत मोलाची अट इंजिनाची आहे. ऐन दोर सोडलेला असताना एक इंजिन बंद पडलं तरी लटकलेल्या माणसाला धोका न होता दुसऱ्याच्या जोरावर हेलिकॉप्टर तरंगत राहिलं पाहिजे. या अटीतून सूट आहे ती वैद्यकीय आणीबाणीच्या जागेसाठी. तिथे रुग्णाचा जीव पणाला लागलेला असतो म्हणून ती सूट योग्य आहे. तपास अधिकाऱ्याला ती कधीच मिळता कामा नये.

पण नियमावलीत दोन भोकं आहेत. पहिलं म्हणजे, दोराच्या टोकाला असलेल्या माणसाला ती प्रवासी समजते. त्याला उड्डाणाआधी सूचना द्यायच्या, स्थिर विजेचा धोका सांगायचा, बस. सूचना ऐकणं आणि हाताला सराव असणं यात फार अंतर आहे. रोटरच्या वाऱ्यात गरगर फिरायला लागल्यावर हातपाय आवळून कसं राहायचं, खाली टेकताच हुक कोणत्या क्षणी काढायचा, हे ऐकून येत नाही. दुसरं भोक जास्त मोठं आहे. पोलीस, शोध-बचाव, सीमाशुल्क अशा सरकारी कामातली हेलिकॉप्टरं या नागरी नियमांच्या बाहेर राहतात. अपघातस्थळी अधिकाऱ्यांना नेणारी हेलिकॉप्टरं तर बहुतेक वेळा हीच असतात.

अपघाताची जागा हाही स्वतंत्र धोका असतो. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेचं 315 क्रमांकाचं परिपत्रक याच विषयावर आहे. जळालेल्या कार्बन फायबरचे सूक्ष्म तंतू फुफ्फुसात आणि कातडीत शिरतात. अर्धवट उघडलेले दाबाचे सिलिंडर, तुटलेले धारदार पत्रे, मानवी अवशेष या सगळ्यांत वावरावं लागतं. त्यावर वरून रोटरचा झोत आला तर ती राख हवेत उसळते आणि पुरावा जागचा हलतो. म्हणून हेलिकॉप्टरने अवशेषांच्या डोक्यावर थांबू नये, बाजूला उतरवून शेवटचं अंतर पायी कापावं, मुखवटे उतरण्याआधीच चढवलेले असावेत. ही गोष्ट योजनेतच लिहिलेली असावी, जागेवर सुचण्याची नाही.

आणि परतीचं काय? 3 जून 2019 रोजी जोरहाटहून मेचुकाला निघालेलं वायुदलाचं एएन-32 विमान 13 जणांसह बेपत्ता झालं. आठ दिवसांनी अरुणाचलातल्या डोंगरात, सुमारे 12 हजार फुटांवर, त्याचे अवशेष दिसले. गिर्यारोहक आणि जवानांचं पथक हेलिकॉप्टरने तिथे सोडण्यात आलं. मग पावसाने आणि ढगांनी दार लावून घेतलं. पथकाला जूनअखेरपर्यंत तिथेच अडकून राहावं लागलं. आलो तसे जाऊ, असं डोंगरात धरून चालत नाही. खाली सोडलेल्या प्रत्येकाकडे तंबू, अन्न, औषधं आणि बोलण्याचं साधन त्याच्याबरोबरच उतरायला हवं.

मुंबईच्या वाचकाला आल्प्स परके नाहीत. मुंबईहून निघालेलं एअर इंडियाचं ‘मलबार प्रिन्सेस’ 3 नोव्हेंबर 1950 रोजी माँट ब्लाँकवर आदळलं, 48 जण गेले. तिथे पोचण्याच्या प्रयत्नात शामोनीचे गाईड रने पेयो यांनी प्राण गमावले. पंधरा वर्षांनी, 24 जानेवारी 1966 रोजी, मुंबईहूनच निघालेलं ‘कांचनजंगा’ त्याच पर्वतावर गेलं. 117 जणांमध्ये होमी भाभा होते. मेलेल्यांपर्यंत पोचताना जिवंत माणूस जातो, हे पेयोंच्या मृत्यूने तेव्हाच सांगितलं होतं.

भारतात नागरी विमान अपघातांचा तपास विमान अपघात तपास ब्युरो करतो, आणि सह्याद्रीच्या कड्यावर किंवा हिमालयात त्याला पोचवायची वेळ आली तर हाक वायुदलाला, नौदलाला किंवा तटरक्षक दलाला जाते. त्यांची यंत्रं नागरी नियमांखाली येत नाहीत. म्हणून काही गोष्टी अपघाताच्या आधी कागदावर पक्क्या हव्यात. वर्षातून एकदा प्रत्येक तपास अधिकाऱ्याने त्याच हेलिकॉप्टरच्या विंचवर सराव केलेला असावा. ज्याचा सराव झालेला नाही त्याने दोरावर जायचंच नाही. नकार द्यायचा अधिकार वैमानिकाला, विंच ऑपरेटरला आणि खुद्द उतरणाऱ्याला असावा, आणि मंत्रालयातून येणाऱ्या फोनने तो बदलता येऊ नये. रात्री उतरवणं नाही. जमिनीवरून वाट असेल किंवा काढता येत असेल, तर ती आधी.

जर्मनविंग्जच्या वेळी फ्रान्समध्ये हेच केलं गेलं. ध्वनिमुद्रणाची पेटी पहिल्याच दिवशी मिळाली होती, दुसरी सापडत नव्हती, आणि जगभरातून दबाव होता. तरी बुलडोझर लावून घळीपर्यंत कच्चा रस्ता काढला गेला आणि माणसं गाडीने जाऊ लागली. उड्डाणाच्या नोंदींची पेटी 2 एप्रिलला, नऊ दिवसांनी, एका महिला जवानाला हाताने उकरताना मातीत सापडली. ती काळीठिक्कर पडली होती. आतली नोंद वाचता आली.