शाळेचा जुना ‘डिजिटल’ धडा नव्या टॅबवर का उघडत नाही?

शाळेच्या जुन्या संगणकावर व्यवस्थित चालणारा ई-लर्निंगचा धडा नव्या टॅबवर घेतला, तर बऱ्याचदा फाइलच उघडत नाही. संशय आधी टॅबवर जातो. स्वस्तातला असेल, मेमरी कमी असेल, नेट नसेल. पण अनेकदा दोष टॅबचा नसतो. तो धडा ज्या ‘फ्लॅश’ तंत्रज्ञानावर बनला होता, तेच आता बंद झालं आहे.

खान्देशात हा प्रश्न महत्त्वाचा का?

२०१५ मध्ये राज्यात ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम सुरू झाला आणि डिजिटल शाळांची लाट आली. धुळे जिल्हा त्यात पुढे होता. मूळचे धुळ्याचे आणि न्यूयॉर्कमध्ये नोकरी करणारे हर्षल विभांडिक यांनी गावोगावी लोकांना सोबत घेऊन जिल्हा परिषदेच्या शाळा डिजिटल करण्याची मोहीम चालवली. जिल्ह्यात अशा सुमारे ११०० शाळा आहेत. या मोहिमेचा कणा होता लोकवर्गणी. शेतकऱ्याच्या आणि मजुराच्या खिशातला पैसा जिथे लागतो, तिथे घेतलेली वस्तू किती वर्षं टिकणार, हा प्रश्न साधा राहत नाही.

फ्लॅश म्हणजे काय होतं?

हलती चित्रं, आवाज, प्रश्नमंजूषा, खेळ हे सगळं एकाच छोट्या फाइलमध्ये बसवण्याची सोय म्हणजे फ्लॅश. फाइल लहान असल्यामुळे मंद इंटरनेटवर किंवा सीडीवरही काम भागायचं. त्यामुळे त्या काळातलं बरंच ई-लर्निंग साहित्य फ्लॅशवरच बनलं. अडचण एकच होती. ब्राउझरला ते स्वतःहून चालवता येत नसे. त्यासाठी ॲडोबी कंपनीचा वेगळा प्लेअर लागायचा.

टॅबनं फ्लॅशला नकार का दिला?

२०१० मध्ये ॲपलनं आयपॅड आणला, तो फ्लॅशशिवाय. त्यावर टीका झाली, तेव्हा २९ एप्रिल २०१० रोजी स्टीव्ह जॉब्स यांनी जाहीर पत्र लिहून कारणं सांगितली. फ्लॅश बॅटरी खातं, त्यात सुरक्षेच्या त्रुटी आहेत, त्यावर एकाच कंपनीचा ताबा आहे आणि ते बोटासाठी नाही तर माउससाठी बनलेलं आहे, असा त्यांचा मुद्दा होता. माउसचा बाण नुसता वर नेला की उघडणारं बटण टॅबवर कसं उघडणार?

अँड्रॉइड टॅबवर काही काळ फ्लॅश चाललं. भारतात ५ ऑक्टोबर २०११ रोजी विद्यार्थ्यांसाठीचा स्वस्त ‘आकाश’ टॅब मोठ्या गाजावाजात आला. पुढच्याच महिन्यात ॲडोबीनं मोबाइल ब्राउझरसाठी फ्लॅश विकसित करणं थांबवत असल्याचं जाहीर केलं. १५ ऑगस्ट २०१२ पासून गूगल प्लेवरून नव्या उपकरणांना फ्लॅश मिळणं बंद झालं. संगणकावरचा आधार ३१ डिसेंबर २०२० रोजी संपला आणि १२ जानेवारी २०२१ पासून प्लेअरनं फ्लॅशचा मजकूर दाखवणंच थांबवलं.

म्हणजे डिजिटल शाळांची लाट आली, तेव्हा टॅबवरून फ्लॅश आधीच हद्दपार झालं होतं. कोरोनामुळे शाळा बंद पडल्या आणि मुलांच्या हाती मोबाइल-टॅब आले, त्याच वर्षी ते संगणकावरूनही गेलं.

त्याच्या जागी काय आलं?

एचटीएमएल५. यात ब्राउझर स्वतःच व्हिडिओ आणि आवाज चालवतो, वेगळा प्लेअर लागत नाही. केंद्र सरकारचं ‘दीक्षा’ व्यासपीठ २०१७ मध्ये आलं, ते मोबाइल आणि टॅब डोळ्यासमोर ठेवूनच. बालभारतीच्या पुस्तकांवरचे क्यूआर कोड तिथेच नेतात. विज्ञानाचे प्रयोग पडद्यावर दाखवणाऱ्या ‘फेट’ या मोफत प्रकल्पानंही आपले अनेक जुने प्रयोग एचटीएमएल५ मध्ये नव्यानं बनवले आणि त्यातले बरेच मराठीत आहेत.

जुन्या धड्यांचं काय करायचं?

फाइलच्या नावाचा शेवट पाहा. ‘एमपी४’ असेल तर ती जवळपास कुठल्याही टॅबवर चालेल. ‘एसडब्ल्यूएफ’ म्हणजे फ्लॅश. त्यासाठी ‘रफल’ हे मोफत सॉफ्टवेअर वापरून पाहता येतं. साधे, जुने धडे त्यावर बऱ्यापैकी चालतात, गुंतागुंतीचे अडखळतात. ‘ईएक्सई’ असेल तर ती विंडोज संगणकासाठीची फाइल आहे, टॅबवर तिचा उपयोग नाही. अशा फाइलमध्येच फ्लॅश प्लेअर बसवलेला असेल, तर ती विंडोज संगणकावर आजही चालू शकते. म्हणून जुना संगणक भंगारात देण्याआधी त्यातले धडे तपासलेले बरे.

नवीन खरेदी करताना शाळा व्यवस्थापन समितीनं पडद्याचा आकार आणि किंमत जरूर विचारावी. पण त्याआधी तीन प्रश्न विचारावेत. धडे कोणत्या स्वरूपात आहेत? ते साध्या ब्राउझरमध्ये, नेट नसताना चालतात का? आणि कंपनी उद्या बंद पडली, तर फाइल शाळेकडे राहणार का? टॅब बिघडला तर दुसरा घेता येतो. धडा बंद पडलेल्या तंत्रात अडकला, तर त्याच धड्यासाठी गावाला पुन्हा वर्गणी काढावी लागते.