चर्चा मोकळी, बोलणारे मोजके

कार्यकर्त्यांच्या बहुतेक शिबिरांच्या वेळापत्रकात दुपारच्या भोजनानंतर ‘विचारमंथन’ असा एक तास राखलेला असतो. सर्वांनी मोकळेपणाने बोलावे, असे आवाहन संचालक करतात. क्षणभर शांतता पसरते. मग नेहमीचे ज्येष्ठ घसा खाकरून उभे राहतात आणि पंधरा मिनिटे बोलतात. दुसरे वक्ते त्यांचाच धागा पुढे नेतात, तिसरे त्यास विरोध करतात. मागच्या रांगेतील विडी कामगार भगिनी अखेरपर्यंत गप्प असतात. अहवालात मात्र ‘साधकबाधक चर्चा झाली’ अशी नोंद होते.

मोकळ्या चर्चेची ही कल्पना मोकळ्या बाजारपेठेच्या कल्पनेइतकीच फसवी आहे. बाजारात प्रवेश सर्वांना खुला असतो, परंतु भांडवल मोजक्यांपाशी असते. सभेत वक्तृत्व, पद, जात, शिक्षण आणि पुरुषाचा चढा आवाज हेच भांडवल होय. नियमन नसेल तर ते ज्याच्यापाशी आहे तोच तास बळकावतो. त्यासाठी त्याच्या मनात कपट असण्याचीही गरज नसते.

‘ब्रेनस्टॉर्मिंग’ हा शब्द रूढ करणारे ॲलेक्स ऑसबर्न हे अमेरिकन जाहिरात व्यवसायातले गृहस्थ. १९५३ च्या ‘अप्लाइड इमॅजिनेशन’ या पुस्तकातले त्यांचे नियम प्रसिद्धच आहेत: सुचेल ते बोलावे, टीका तूर्त टाळावी, कल्पनांची संख्या वाढू द्यावी, दुसऱ्याच्या कल्पनेत भर घालावी. नियम चांगले आहेत. पण एकत्र बसल्याने माणसांना अधिक सुचते, हा त्यांचा दावा परीक्षेस उतरला नाही. १९५८ साली येल विद्यापीठातील संशोधकांनी चौघांचा गट आणि एकेकटे बसवलेले चौघे यांची तुलना केली, तेव्हा पुनरुक्ती वगळूनही एकेकट्यांच्या कल्पनांची बेरीज अधिक भरली. यामागचे प्रमुख कारण मायकेल डील आणि वोल्फगांग श्ट्रोबे यांनी १९८७ साली दाखवून दिले. एका वेळी एकच जण बोलू शकतो. बाकीच्यांनी थांबायचे, आणि थांबता थांबता सुचलेले विसरायचे.

हिशेब साधा आहे. वीस जणांच्या सभेत तासाभरात प्रत्येकाच्या वाट्यास तीन मिनिटे येतात, तीही वाटणी समान असेल तर. त्याच वीस जणांनी आरंभी दहा मिनिटे मुकाट्याने आपापले मुद्दे कागदावर उतरवले, तर दोनशे मिनिटांचे चिंतन सभेच्या पदरात पडते. नंतर संचालकाने क्रमाने प्रत्येकाकडून एकेक मुद्दा घ्यावा आणि फेऱ्या संपेपर्यंत वाद होऊ देऊ नये. पदाधिकाऱ्यांची पाळी अखेरीस यावी. (अध्यक्षांना हे जड जाते, जाऊ द्यावे.) मुद्दा फळ्यावर लिहावा तो बोलणाऱ्याच्याच शब्दांत. ‘बाजार शुक्रवारी आणि मजुरी शनिवारी’ असे शेतमजूर स्त्री म्हणाली, तर तेच लिहावे. त्याचे ‘वेतनवितरणातील अनियमितता’ असे शुद्धीकरण केले की तिचा मुद्दाच हरवतो.

जिथे निम्म्यांना लिहिता येत नाही तिथे कागदाचा आग्रह हा दुसरा अन्याय ठरेल. तिथे दोघादोघांनी पाच मिनिटे आपसात बोलावे आणि प्रत्येकाने आपल्या जोडीदाराचे म्हणणे सभेपुढे मांडावे. स्वतःचे गाऱ्हाणे सांगताना संकोचणारी बाई शेजारणीचे गाऱ्हाणे ठणकावून सांगते.

विचार गोळा करणे आणि निर्णय घेणे ही कामे वस्तुतः वेगळी आहेत, आणि ती वेगळी ठेवता येतात. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गोंड आदिवासींच्या गावात अभ्यासगटात प्रश्नाचा खल होतो. तिथे बाहेरचा जाणकारही येऊन बोलू शकतो. निर्णय मात्र ग्रामसभेचा, आणि तोही बहुमताने नव्हे, सर्वसहमतीने. वनहक्क कायद्यान्वये सुमारे १८०० हेक्टर जंगलावरचा सामूहिक हक्क या गावाने २००९ साली मिळवला, त्यामागे अशा बैठकांची कित्येक वर्षे होती. महाराष्ट्रात ग्रामसभेपूर्वी महिलांची स्वतंत्र सभा घेण्याची तरतूद कायद्यातच आहे. ती कागदावर उरकणाऱ्या गावांत कार्यकर्त्यांना मोठे काम आहे.

यात वेळ जातो, ही तक्रार खरी आहे. किंबहुना तो आणखी थोडा द्यावा लागतो. फळ्यावरचे जे मुद्दे निर्णयात उतरले नाहीत ते का उतरले नाहीत, हे पुढच्या सभेच्या आरंभी सांगण्यास दहा मिनिटे लागतात. ती वाचवली, तर एकदा धीर करून बोललेली बाई त्याच्या पुढच्या सभेस येत नाही.